कारखान्याचे गाव कोणते?

आगगाडीच्या डब्यात दोन मराठी माणसे समोरासमोर बसली, की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हटकून निघतो : "आपण मूळचे कुठले?" उत्तरही ठरल्यासारखे येते. "मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. वडील नोकरीनिमित्त नाशिकला आले. आता मी थोरल्याकडे चिंचवडला असतो." एवढ्या तीन वाक्यांत घराण्याचा इतिहास आणि भूगोल दोन्ही उरकतात आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. मग दुसरा प्रश्न : "थोरला काय करतो?" "कंपनीत आहे." "कुठली कंपनी?" आणि येथे मात्र गाडी अडते.

अडण्याचे कारण मराठी भाषेतच आहे. 'कुठली' या आपल्या शब्दात 'कोणती' हा प्रश्न आहे आणि 'कोणत्या ठिकाणची' हाही आहे. नाव आणि गाव आपण एकाच शब्दात विचारतो. माणसाच्या बाबतीत ते चालते. कंपनीच्या बाबतीत उत्तर असे येते : "तशी जर्मन आहे, हेड ऑफिस मुंबईला आहे, बेस्ड आउट ऑफ पुणे म्हणतात, आणि मुलगा रोज बसने जातो तो चाकणला." विचारणाऱ्याने आता यातले कोणते गाव ध्यानात ठेवावे?

हे 'बेस्ड आउट ऑफ' प्रकरण अलीकडे आपल्या घरांत चांगलेच रुळले आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात ते असते, व्हिजिटिंग कार्डावर असते, आणि लग्नाच्या स्थळांच्या टिपणातही असते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात तर ते रोज कानावर पडते. एक मराठीचा अध्यापक म्हणून मला या तीन शब्दांचे कुतूहल वाटते. शब्द इंग्रजी आहेत याचे मला फारसे वाईट वाटत नाही. 'टेबल' आणि 'कारखाना' हे शब्दही बाहेरूनच आले आणि आपले झाले. माझा प्रश्न वेगळा आहे. या शब्दांनी धंद्याचे ठिकाण खरोखर सांगितले जाते, की झाकले जाते?

शेपटातला जीव

इंग्रजी क्रियापदाचा जीव पुष्कळदा त्याच्या शेपटात असतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे, 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, आणि 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणेही होते आणि गुपित फोडणेही होते. धड तेच असते. शेपूट बदलले की प्राणीच बदलतो. 'बेस्ड' या शब्दाला जुन्या शिरस्त्याप्रमाणे 'इन' किंवा 'अ‍ॅट' हे शेपूट शोभत असे. 'आउट ऑफ' हे त्या मानाने अलीकडचे. अमेरिकेत ते अधिक चालते, आणि आपल्या कचेऱ्यांनी तर ते दत्तकच घेतले आहे. जुन्या वळणाचे इंग्रजीचे शिक्षक त्यावर नाक मुरडतात. 'आउट ऑफ' म्हणजे बाहेर; मग पुण्याबाहेरची कंपनी पुण्याची कशी, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

पण न्यायाने बोलायचे तर या शेपटालाही अर्थ आहे. एखादे जहाज मुंबई बंदरातून निघते, महिनाभर समुद्रात असते आणि पुन्हा मुंबईला येते. फिरता विक्रेता सोमवारी पुण्याहून निघतो, सोलापूर-लातूर करून शनिवारी परततो. जो तळ सोडून निघतो, काम दूरवर करतो आणि पुन्हा तळाला लागतो, त्याला 'आउट ऑफ' म्हणणे अगदी यथार्थ आहे.

आपल्याच इतिहासातले उदाहरण घ्या. १६६० साली शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला. तेथून निघून त्याने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला, आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवला. पुढे १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात बोटे गमवीपर्यंत खानाचा तळ पुण्यातच होता. आजच्या कचेरीच्या भाषेत खान 'बेस्ड आउट ऑफ पुणे' होता असे खुशाल म्हणता येईल, आणि ते चुकीचेही ठरणार नाही. मात्र त्याला 'पुण्याचा' असे कोणी कधी म्हटले नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक गंमत. 'बेस' ऐकले की मराठी कानाला 'बसणे' आठवते. पण या दोघांचे नाते नाही. 'बसणे' हे 'बैसणे' याचे रूप, आणि त्याचे मूळ संस्कृत 'उपविश्' या धातूत आहे. 'बेस' आला तो ग्रीक 'बासिस' या शब्दावरून. त्याचा मूळ अर्थ पाऊल टाकणे. मग ज्यावर पाऊल टेकायचे ती जागा, ती बैठक. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा 'बासिस' आणि आपला 'गति' हे एकाच प्राचीन शब्दाचे दोन वंशज आहेत. म्हणजे ज्याला आपण पक्क्या मुक्कामाचा शब्द समजतो, तो मुळात चालण्याचा शब्द निघाला!

आपण धंदा कसा बसवतो

मराठी क्रियापदाला असे शेपूट नसते. आपण क्रियापदाच्या आधी एखादे नाम आणून बसवतो. धंद्याचे पाहा. आपण दुकान थाटतो, पेढी घालतो, बस्तान बसवतो, पाय रोवतो, ठाण मांडतो. यांतले बरेचसे शब्द घोडदळाच्या आणि छावणीच्या दिवसांतले आहेत. धंदा बुडाला की आपण 'गाशा गुंडाळतो', तो गाशाही घोड्याच्या जिनावर घालायच्या कापडाचा. आणि कारखाना? तो आपण 'काढतो'. "त्याने भोसरीत कारखाना काढला" म्हणजे सुरू केला. "पालिकेने रस्त्यातले दुकान काढले" म्हणजे हटवले. तेव्हा आत-बाहेरचे कोडे केवळ इंग्रजीतच आहे असे नाही.

ठिकाण सांगताना मात्र मराठी फार नेमकी असते. नामाला चार प्रत्यय लावून ती चार वेगळ्या गोष्टी सांगते. 'पुण्यात' म्हटले की गावाच्या हद्दीच्या आत. 'पुण्याला' म्हटले की थोडे सैल. नागपूरच्या माणसाच्या दृष्टीने चाकणचा कारखाना 'पुण्याला'च असतो, पण खुद्द चाकणचा माणूस त्याला 'पुण्यात' म्हणणार नाही. तो स्वतःच खरेदीसाठी 'पुण्याला जाऊन येतो'. तिसरा 'पुण्याहून'. कारभार पुण्याहून चालतो म्हणजे बसणारा पुण्यात आहे आणि काम दुसरीकडे आहे. 'आउट ऑफ' याला आपल्याकडचा जवळचा नातेवाईक हाच. आणि चौथा 'पुण्याचा'. हा सर्वांत वजनदार. यात केवळ जागा येत नाही, नाते येते.

म्हणूनच हल्ली ऐकू येणारे "आमची कंपनी चाकणमधून ऑपरेट करते" हे वाक्य मराठी कानाला खटकते. चाकणमधून काय करते? माल पाठवते, हुकूम सोडते, की चाकणमधून निघून गेली आहे? ज्याची प्रचंड यंत्रे जमिनीत पाया खणून रोवली आहेत, तो कारखाना काही फिरता विक्रेता नव्हे. तो चाकणला 'आहे'. एवढे साधे 'आहे' सांगायला आपण का लाजतो?

एका कंपनीची अनेक गावे

लाजण्याला एक कारण आहे, ते कबूल केले पाहिजे. आजच्या कंपनीला एकच गाव नसते. टाटांच्या मोटारींच्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, आणि तिचा मोठा कारखाना साठच्या दशकापासून पिंपरीला. उलट बजाज ऑटोचे नोंदणीकृत कार्यालयच आकुर्डीला आहे, आणि कारखाने चाकण, वाळूज व थेट उत्तराखंडातल्या पंतनगरला. मर्सिडीझ-बेंझ ही जर्मन कंपनी १९९५ पासून टेल्कोच्या आवारात गाड्या जोडत असे. २००९ साली ती चाकणला स्वतःच्या जागेत गेली. तेव्हा 'कुठली कंपनी?' या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही, हे खरे.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे. नोंदणीकृत कार्यालय ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष धंदा चालतो ती जागा ही दुसरी, हे तो कटाक्षाने वेगळे धरतो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतही 'मुख्य व्यवसायस्थान' आणि 'अतिरिक्त व्यवसायस्थान' अशी वेगळी खाती आहेत. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याचे १२ वे कलम तर प्रत्येक मराठी माणसाने वाचावे असे आहे. कंपनीने आपले नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, जेथे जेथे तिचा धंदा चालतो अशा प्रत्येक जागेच्या बाहेर, दर्शनी भागी, स्पष्ट अक्षरांत लावावा, असे ते सांगते. शिवाय ती अक्षरे त्या भागात चालणाऱ्या भाषेची नसतील, तर त्या भाषेच्या अक्षरांतही लावावा, असेही सांगते. म्हणजे निघोज्याच्या फाटकावर देवनागरी अक्षरे असावीत, ही कोणा भाषाभिमान्याची हौस नव्हे. देशाच्या कायद्याचे म्हणणे आहे. या कायद्यात 'आउट ऑफ' ला जागा नाही. न्यायालयाची नोटीस कोठे पोचवायची, हे त्याला नक्की ठाऊक असावे लागते.

टपाल खात्याचेही तसेच. पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने पत्त्यासाठी मात्र आकडे निवडले, यात मला मोठा विवेक दिसतो. पिंपरीचा क्रमांक ४११०१८, आकुर्डीचा ४११०३५. चाकणचा मात्र ४१०५०१. पहिले तीन आकडेच वेगळे. जाहिरातीत 'पुणे' म्हणवून घेणाऱ्या कारखान्याचे पत्र टपाल खाते चाकणच्याच पिशवीत टाकते.

गावांची नावे कोठे गेली?

आता या साऱ्यात कोणाचे काय बिघडते, असे वाचक विचारतील. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत हिंडून पाहा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचा माळ पाहता पाहता यंत्रांनी भरला. तो भरल्यावर पट्टा चाकणकडे सरकला. आज या वसाहतीच्या पोटात निघोजे, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडी, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली, वासुली, वराळे अशी गावे आहेत. जमीन या गावांनी दिली. रस्त्यावरची धूळ आणि अवजड गाड्यांची रांग यांच्याच दारात उभी राहते. चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराची, ती आता दुसऱ्या क्रमांकाला गेली. पण जगाला सांगताना नाव कोणाचे? पुण्याचे.

गंमत अशी, की त्या कंपन्यांच्या औपचारिक पत्त्यात ही नावे अजून टिकून आहेत. मर्सिडीझच्या पत्त्यात कुरुळी व निघोजे, तालुका खेड, असे शब्द येतात. फोक्सवॅगनच्या पत्त्यात निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही नावे येतात. कागदावर गाव आहे. बोलण्यातून ते नाहीसे झाले आहे. 'बेस्ड आउट ऑफ पुणे' या तीन इंग्रजी शब्दांच्या भाराखाली ते दडपले गेले.

पिंपरी-चिंचवडचीही तक्रार हीच. १९८२ साली तेथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती सतरा लाखांवर भरली. मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड, १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे आणि पेनिसिलिनचे पिंपरी. एवढ्या मोठ्या शहराने कार्डावर दुसऱ्याचे नाव का लावावे?

या पट्ट्यातल्या सामान्य माणसांनी मात्र या अन्यायाची फेड मोठ्या मजेदार रीतीने केली आहे. त्यांनी कारखान्यांचीच गावे करून टाकली. बसच्या वाहकाला विचारा : थरमॅक्स चौक, के.एस.बी. चौक, फिनोलेक्स चौक, एच.ए. कॉलनी, टेल्को रस्ता. कंपनी कुठे आहे हे सांगायचे सोडून, आपण कुठे आहोत हेच लोक कंपनीवरून सांगू लागले. टेल्कोने २००३ साली आपले नाव बदलून टाटा मोटर्स केले. रस्त्याने काही बदलले नाही. तो आजही टेल्को रस्ताच आहे. 'आउट ऑफ' म्हणणाऱ्या कंपनीला लोकांनी असे घट्ट 'इन' करून ठेवले!

एक वर्गातला तास

व्यावहारिक मराठीच्या तासाला मी एकदा मुलांना वाक्य घातले : 'पुण्याबाहेर नव्हे, पुण्यातच बसून धंदा करणारी' अशा अर्थाचे, 'बेस्ड आउट ऑफ पुणे' हे शब्द असलेले इंग्रजी वाक्य मराठीत आणा. उत्तरे वाचण्यासारखी होती. एकाने लिहिले, 'पुण्यातून आधारित'. एकीने वर्तमानपत्री वळणाने 'पुणेस्थित' लिहिले; व्याकरणाने ते शुद्ध आहे, पण घरात कोणी "आमचे पुणेस्थित काका" म्हणत नाही. मागच्या बाकावरच्या एकाने सरळ लिहून दिले, 'पुण्याबाहेर असलेली कंपनी'. वर्ग हसला. तो मुलगा खेड तालुक्यातला. तो उठून म्हणाला, "सर, हसायचं काय त्यात? आमच्या गावात आहे ती. पुण्याबाहेरच आहे!"

तासानंतर तो माझ्याकडे आला. त्याच्या काकांचे गावातच लहानसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक प्रेस, चार कामगार. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना हे आणखी लहान भाग पुरवतात. त्यांना एका स्मरणिकेत मराठी जाहिरात द्यायची होती, आणि इंग्रजी कार्डावर होते तेच 'आउट ऑफ पुणे'. मी मजकूर लिहून दिला : मु. पो. अमुक, ता. खेड, जि. पुणे. दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. माणूस नम्र होता, पण ठाम होता.

"सर, तुमचं मराठी चांगलंच आहे. पण गावाचं नाव पाहिलं की खरेदी विभागातला साहेब म्हणतो, हा कुठला खेड्यातला! पुणे लिहिलं की निदान फोन तरी उचलतात."

"आणि माल घेऊन येणारा टेम्पो?" मी विचारले.

"तो पुण्यात शिरतो आणि तिथून फोन करतो. वीस वेळा रस्ता सांगावा लागतो," ते हसून म्हणाले.

त्यांच्या या दोन वाक्यांत सारा प्रश्न सामावलेला आहे. मोठ्या शहराचे नाव लावणे ही त्यांची फुशारकी नव्हती. ती पोटाची गरज होती. ज्या साहेबाची गाडी रोज त्या गावातूनच कारखान्यात शिरते, त्यालाच त्या गावाच्या नावाची अडचण वाटते. तेव्हा दोष लहान धंदेवाल्याला देण्यात अर्थ नाही. नावाची लाज मोठ्यांनी आधी सोडली पाहिजे. जगप्रसिद्ध मोटारी बनवणाऱ्यांनी जाहिरातीतही 'निघोजे' असे अभिमानाने लिहिले, तर शेजारच्या लेथवाल्याला आपले गाव लपवावे लागणार नाही.

'चा' हा प्रत्यय मिळवावा लागतो

आणि येथे पुन्हा तो चौथा प्रत्यय आठवतो. 'हून' म्हणणाऱ्यावर गावाची जबाबदारी नसते. तो तळ ठोकतो, काम करतो, आणि सोय संपली की गाशा गुंडाळतो. 'चा' म्हणवून घ्यायचे, तर त्या गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा विचार करावा लागतो. पवना पिंपरी-चिंचवडमधून वाहते, इंद्रायणी चाकणच्या पट्ट्याला वळसा घालून आळंदीला जाते. दोन्ही नद्यांचे पाणी आज कसे आहे, हे आळंदीच्या घाटावर फेस पाहणाऱ्या वारकऱ्याला ठाऊक आहे. त्यात शहरांचे सांडपाणी आहे तसे कारखान्यांचेही आहे. नदीला 'आउट ऑफ' समजत नाही. तिच्या काठी जो आहे, तो तिथलाच.

इतिहासात इंग्रजांची वखार राजापुरात होती. कागदोपत्री तिला 'राजापूरची वखार' म्हणत. पण ती राजापुरात असूनही राजापूरकरांची कधी झाली नाही. उलट पिंपरीच्या जुन्या कामगार वसाहतीत आजही लोक "आमची एच.ए." म्हणतात. ती 'आमची' म्हणण्यामागे पिढ्यांच्या नोकऱ्या, कंपनीची घरे, मुलांच्या शाळा, गणपती आणि संप असे सगळेच आहे. हे नाते जाहिरातीच्या शब्दांनी जुळत नाही.

त्या काकांच्या जाहिरातीचे शेवटी काय झाले, तेही सांगतो. आम्ही दोघांनी जुन्या मराठी पत्रशीर्षांची पद्धत उचलली. एका ओळीत 'विक्री व चौकशी : पुणे' आणि फोन क्रमांक. दुसऱ्या ओळीत 'कारखाना :' आणि पुढे गाव, तालुका, जिल्हा, पिन ४१०५०१. खरेदी विभागातल्या साहेबासाठी पहिली ओळ, टेम्पोवाल्यासाठी दुसरी. दोन्ही खऱ्या. स्मरणिका छापून आली तेव्हा काकांनी एक प्रत मला दिली, आणि दुसरी गावच्या ग्रामपंचायतीत नेऊन ठेवली. गावाचे नाव छापून आलेली ती त्यांच्या धंद्याची पहिलीच जाहिरात होती.